आता खोललंच आहे तर

डिझेल इंजिन ठोकतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून कितीतरी वेळा शिकवलं आहे. सिलिंडरात हवा सतरा पटींच्या आसपास दाबली जाते. दाबली की तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा मारतं आणि डिझेल लगेच पेटत नाही, सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढं थांबतं. हा थांबा लांबला तर तेवढ्या वेळात आलेलं डिझेल साचून राहतं आणि मग सगळं एकदम भडकतं. तो ठोका. पेट्रोल इंजिन ज्वलन संपत आलं की ठोकतं आणि डिझेल इंजिन ज्वलन सुरू होताना ठोकतं, हे वाक्य मी अशा थाटात सांगायचो की पोरं ते वहीत चौकट आखून लिहून घेत. सर, तुम्ही स्वतः कधी इंजिन खोललंय का, असं त्यातल्या एकाही कार्ट्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचा बराच खर्च वाचला असता.

निवृत्तीनंतर कराडजवळ गावी राहायला आलो तेव्हा वाटणीत माझ्याकडे विहिरीतला हिस्सा, बांधावरची चिंच आणि वडिलांची मॅसी 1035 आली. धाकट्या भावाने नवा ट्रॅक्टर आधीच घेऊन ठेवला होता. "मॅसी दादाला राहू दे, त्याला आवड आहे," असं तो चारचौघांत म्हणाला, तेव्हा मला भरून आलं होतं.

आवड होतीच. ट्रॅक्टरला नंबर लावावा लागायचा त्या काळातली ही गाडी. तिचं कुळ थेट इंग्लंडचं. तिकडे 1959 च्या अखेरीस मॅसी फर्ग्युसन 35 ला पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन बसलं, 1960 मध्ये मद्रासला टॅफे निघाली, आणि त्याच घराण्यातलं हे लाल धूड आमच्या गोठ्याशेजारी येऊन उभं राहिलं. त्या पर्किन्स इंजिनाच्या नावातच 3.152 असा आकडा आहे. तीन सिलिंडर आणि 152 घनइंच, म्हणजे अडीच लिटर. आमच्या भावकीतल्या एकाच्याही नावातून त्याच्याविषयी इतकी खरी माहिती मिळत नाही.

मृग तोंडावर आला होता आणि मॅसी ठोकायला लागली. स्लोवर सोडली की पुढून खट्-खट्-खट् असा कोरडा, लोखंडी आवाज यायचा. रेस दिली की तो दबायचा. ट्रॉली जोडून चढाला लावली तर जवळजवळ ऐकूच यायचा नाही. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ठेवली नाही.

आमच्याकडे इंजिनाचा आवाज ही खासगी बाब नाही. सातारारोडला कूपरच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या आधीपासून डिझेल इंजिनं होत. पुढे किर्लोस्करांची इंजिनं विहिरीविहिरीवर आली. त्यांच्या फटफटीवर ज्यांचे कान तयार झाले, ती माणसं अजून पारावर आहेत. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कुणाच्या विहिरीवरचं इंजिन चालू आहे आणि त्याचं पाणी तुटायला आलंय का, हे सांगणारी ही पिढी. तिच्यासमोरून ठोकणारी मॅसी नेणं म्हणजे सातबारा वाचून दाखवण्यासारखंच.

"पिस्टन ठोकतंय सर."

"छ्या! क्रँक गेलीया. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं असंच झालं हुतं. इकली त्यानं."

"डिझेल कुठलं भरता?"

हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमातला होता. मी सिटेन आकड्यावर बोललो. डिझेल किती चटकन पेट घेतं याचं ते माप, आपल्याकडे तो आकडा आता किमान 51 लागतो, आकडा कमी असेल तर पेटायला उशीर लागतो आणि इंजिन ठोकतं, असं सगळं समजावून सांगितलं. पार शांत झाला.

"म्हंजे डिझेल चांगलं हाय?"

"हो."

"मग ठोकतंय का?"

घरी आलो तर सौ.ने बंपरला लिंबू-मिरची बांधली होती. मी हसलो. "राहू दे, फुकट आहे," ती म्हणाली. या सगळ्या प्रकरणात एवढा एकच उपाय फुकट होता, म्हणून आता त्याचा उल्लेख मी आदरानेच करतो.

शास्त्रीय पद्धतीने जायचं तर आधी नोझल. तिन्ही काढून पिशवीत घातली आणि तालुक्याच्या पंप-नोझलवाल्याकडे नेली. हा माणूस काचेच्या खोलीत बसतो, धूळ नको म्हणून, आणि गिऱ्हाइकाशी खिडकीतून बोलतो. त्याने पहिलं नोझल यंत्रावर चढवलं आणि दांडा दाबला. कर्र कर्र असा दाणेदार आवाज झाला आणि टोकाशी डिझेलचं धुकं उभं राहिलं, इतकं बारीक की क्षणभर ते हवेत तरंगतच राहिलं. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्याने आवाज केला नाही. त्याच्या टोकाला एक थेंब आला, फुगला आणि ओघळला.

"हे मुततंय," तो खिडकीतून म्हणाला.

मला हा पारिभाषिक शब्द नवा होता, पण वर्णन बिनचूक होतं. नोझल बदललं. धूर कमी झाला, मॅसी चटकन सुरू व्हायला लागली आणि ठोका होता तिथेच राहिला. उलट धुराची गडबड गेल्यामुळे तो आता स्वच्छ ऐकू यायला लागला.

मग टॅपेट. हे काम मी स्वतः करायचं ठरवलं, कारण पुस्तकात ते सोपं दिसत होतं. थंड इंजिनावर रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये बारा थाउ फट ठेवायची, म्हणजे 0.30 मिलिमीटर. इंजिन हाताने फिरवत एकेक व्हॉल्व्ह योग्य जागी आणायचा, फिलर गेजची पट्टी सरकवून बघायची, नट आवळायचा. इंजिन फिरवायला मी पुढच्या पुलीच्या मधल्या मोठ्या बोल्टला पाना लावला. दर वेळी पाना आधी जरासा मोकळा फिरायचा आणि मग इंजिन फिरायला लागायचं. पाना जुना होता. तोंड घासलं असणार, असा निष्कर्ष काढून मी बाजारातून नवा पाना आणला.

संध्याकाळी मॅसी चालू केली. ठोका गायब! नुसती तीन सिलिंडरची ती ओळखीची घरघर. मी भावाला हाक मारून ऐकवलं, पारावर पेढे पाठवले, आणि टॅपेटची फट आणि ध्वनी यांवर जेवताना सौ.ला जे सांगितलं ते तिने भाकरी संपेपर्यंत ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठोका परत आला. पेढे परत मागवता येत नाहीत.

इथे आमचे चुलते तात्या या गोष्टीत येतात. तात्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नाही आणि त्याची त्यांना खंतही नाही. ते वारीला निघायच्या तयारीत होते, पखवाजाच्या शाईला ऊन दाखवत ओट्यावर बसले होते, आणि मॅसी समोर चालू होती. "रेस अजून उतरव," ते म्हणाले. मी बंद पडायच्या बेतात आणली. त्यांनी मान हलवली. "लय जलद आहे." तेव्हा पुतण्याने मोबाइलवर आवाज टिपला आणि चौपट संथ करून लावला. तात्यांनी डोळे मिटले. डावा हात मांडीवर एका लयीत पडत होता, उजवा दुसऱ्या. बराच वेळ. मग डोळे उघडून म्हणाले, "तीन धक्के आहेत, भारी, सारख्या अंतरावर. आणि तेवढ्यात ठोके पडतात दोन. दोनावर तीन. ठोका धक्क्याबरोबर येत नाही, आपल्या चालीनं येतोय."

अंगावर काटा आला. कारण हे गणित मला सुटत होतं. या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. सिलिंडर तीन, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन धक्के. तेवढ्यात ठोके दोन, म्हणजे दर फेरीला एक. नोझल असो की टॅपेट, त्यांचं काम दोन फेऱ्यांत एकदा. त्यांच्यापैकी एखादं बोललं असतं तर तीन धक्क्यांत एकच ठोका पडला असता. म्हणजे डिझेल सुटलं, नोझल सुटलं, टॅपेट सुटले. ठोकणारी वस्तू क्रँकच्या फेरीबरोबर फिरते आहे!

इथवर सगळं बरोबर होतं. तात्यांचा कान बरोबर, माझं गणित बरोबर. यानंतर जो माणूस क्रँकला काय काय जोडलेलं असतं त्याची बाहेरून आत अशी यादी करेल, तो शहाणा. मी आतून सुरुवात केली. क्रँक म्हणजे बेअरिंग, बेअरिंग म्हणजे बिगएंड किंवा मेन, आणि ते म्हणजे चेंबर, इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, खोलणं. पुराव्यावरून सर्वांत महागड्या निष्कर्षाला थेट पोचण्याची ही हातोटी शिक्षणाने येते.

तरीही एक परीक्षा मी घेतली. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर सांडतं, तो सिलिंडर गळतो, आणि त्याचं बिगएंड खराब असेल तर ठोका तिथे दबतो. पहिला सैल केला, ठोका थोडा बदलला. दुसरा, तेवढाच बदलला. तिसरा, तेवढाच. यावरून कुणीही म्हणेल की दोष कुठल्याच एका सिलिंडरचा नाही. मी वहीत लिहिलं, "तिन्ही गेली आहेत."

मिस्त्री आला. डोक्याला फडकं, कानामागे बिडी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून तो जागोजाग ऐकत फिरला. मग डॅशवरच्या ऑइलच्या काट्याकडे बघितलं.

"सर, ऑइलचं प्रेशर झकास हाय. बेअरिंग गेलं असतं तर काटा पडला असता."

"गेज खोटं दाखवतंय."

"आन लोडवर ठोकत न्हाई. बिगएंड असतं तर ट्रॉलीला बोंबललं असतं."

मी त्याला दोनावर तीनचं गणित वहीवर काढून दाखवलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी बघितलं, बिडी पेटवली आणि म्हणाला, "तुम्ही शिकल्याली माणसं. खोला म्हणता तर खोलू." हे वाक्य नीट वाचलं तर त्यात त्याचं निदान, त्याची हरकत आणि त्याची मजुरी असं सगळं आहे.

या ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग एकमेकांना बोल्टांनी जोडलेलं, तीच चासी. चेंबर बिडाचं, जडशीळ, आणि तेही या भार वाहण्यात सामील. त्यामुळे ते उतरवायचं तर इंजिनाखाली ठोकळे लावून पुढची चाकं एक्सलसकट सोडवून बाजूला ओढावी लागतात. दुपारपर्यंत मॅसीचं तोंड एकीकडे आणि धड दुसरीकडे झालं होतं. भाऊ नव्या ट्रॅक्टरवरून जाता जाता थांबला, बघितलं आणि काही न बोलता पुढे गेला. मृगाचा पहिला पाऊस त्याच रात्री पडला.

बेअरिंगच्या वाट्या मिस्त्रीने माझ्या तळहातावर ठेवल्या. एकसारख्या राखाडी, कुठेही चरा नाही, खालचं तांबं कुठेच उघडं पडलेलं नाही. क्रँकच्या पिनेत माझा चेहरा दिसत होता. लेथवाल्याकडून मायक्रोमीटर आणून मोजलं. माप कंपनीतून आल्यासारखं.

आम्ही तिघे, म्हणजे मी, मिस्त्री आणि हाताखालचा पोऱ्या, काही वेळ त्या निरोगी अवयवांकडे बघत बसलो. मग मिस्त्री ते वाक्य बोलला.

"आता खोललंच आहे तर नवी टाकून घेऊ."

मराठीत इतकं महाग वाक्य दुसरं नसेल. बेअरिंग नवी टाकली. आता खोललंच आहे तर रिंगा बघू, म्हणून हेड उतरलं. हेड उतरलंच आहे तर व्हॉल्व्ह घासून घेऊ. पॅकिंगचा अख्खा सेट आणलाच आहे तर वापरू. भाऊ एकदा डोकावला आणि त्यालाही राहवलं नाही, म्हणाला, आता खोललंच आहे तर रंग मारून घे, बरी दिसेल. हे मात्र मला मनापासून पटलं. पोऱ्याने तारेच्या ब्रशने पुढची बाजू घासली. पुलीच्या मध्याशी, बोल्टाच्या भोवती बारीक तांबूस भुकटी जमली होती, ती त्याने फुंकर मारून उडवली, आणि सगळ्यावर, पुलीवर, बोल्टावर, दोन हात झकास लाल रंग दिला. त्या भुकटीत अख्खं निदान होतं. लोखंड लोखंडावर सतत बारीक घासत राहिलं की अशीच भुकटी पडते. हे मी अकरावीला शिकवायचो.

खर्चाचा आकडा सौ.ला मी दोन हप्त्यांत सांगितला. इथे तो सांगतच नाही, कारण ती हे वाचणार आहे आणि दुसऱ्या हप्त्यात मी जरा काटकसर केली होती.

जोडणी झाली. नवं ऑइल, नवं फिल्टर, एअर काढली, नारळ फोडला. सेल्फ मारला आणि मॅसी अर्ध्या फेरीत सुरू झाली. नव्या रिंगांचा तो घट्ट, भरीव आवाज. आणि त्यावर खट्-खट्-खट्.

मिस्त्रीने बिडी कानामागून काढली आणि परत ठेवली. मी चुलत्यांच्या ओट्याकडे बघितलं. तात्या वारीत होते, देवाची कृपा.

"पट्टा काढ रं," मिस्त्री पोऱ्याला म्हणाला. का, ते मला तेव्हा कळलं नाही. पंख्याचा पट्टा काढून इंजिन पुन्हा चालू केलं, पाणी तापायच्या आत बंद करायचं म्हणून मिनिटभरच. ठोक्याची तऱ्हाच बदलली. खट्-खट्ची खडखड झाली, सैल, बेताल, जणू आतापर्यंत कुणीतरी त्याला एका बाजूने ओढून धरलं होतं. मिस्त्रीने इंजिन बंद केलं, पुढे वाकला आणि बोट दाखवलं.

पुलीच्या मधल्या बोल्टाभोवती नव्या लाल रंगाला केसाएवढी गोल चीर गेली होती. त्याने पुली दोन्ही हातांनी धरून मागेपुढे हलवली. खट्. खट्.

क्रँकच्या टोकाला ही पुली बसते. तिला क्रँकबरोबर फिरवायला मधल्या खाचेत पोलादाचा एक छोटा तुकडा असतो, मिस्त्री त्याला 'की' म्हणतात. बोल्ट सैल झाला होता, की झिजली होती आणि पुलीतली खाच रुंदावली होती. क्रँक एकसारखी फिरत नाही, प्रत्येक धक्क्याला पुढे उसळते आणि मग रेंगाळते. पट्टा पुलीला एका बाजूने ओढून धरायचा, म्हणून खाच त्या बाजूला आली की दर फेरीला एकदाच ठोका पडायचा. स्लोवर ही उसळी सर्वांत जास्त, म्हणून ठोका स्लोवर. वेग वाढला की फिरणं एकसारखं होतं, म्हणून रेसवर दबायचा. कुठलाही एक सिलिंडर बंद केला की उसळीचा नमुना बदलतो, म्हणून तिन्हींना तेवढाच फरक. आणि टॅपेटच्या दिवशी मी इंजिन फिरवत होतो ते याच बोल्टाला पाना लावून. पाना मोकळा फिरायचा तो बोल्ट थोडाथोडा आवळला जात होता म्हणून. त्या संध्याकाळची शांतता त्याच्यामुळे होती. ठोक्याचं कारण माझ्या हातात होतं, पान्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि मी पाना बदलला होता.

लेथवाल्याने पुलीत पलीकडच्या बाजूला नवी खाच पाडून दिली, नवी की बसवली. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून मिस्त्रीने बोल्ट असा आवळला की मॅसी पुढे सरकते की काय वाटलं. चहा धरून साडेचारशे रुपये. क्रँकवरची खाच शाबूत होती, हे नशीब. नाहीतर आता खोललंच आहे तर, असं कुणीतरी पुन्हा म्हटलं असतं.

ठोका गेला आणि मालकी हक्काचे वाद सुरू झाले. नोझलवाला म्हणतो, धूर आधी माझ्यामुळे गेला. मेव्हण्याची गाडी विकायला लावणारा गृहस्थ म्हणतो की मी क्रँक म्हणालो होतो, पुली काय क्रँकच्या बाहेर असती व्हय? हे तर्काच्या दृष्टीने खोडून काढणं अवघड आहे. सौ. काही म्हणत नाही. लिंबू वाळलं होतं, ते तिने बदललं. भाऊ परवा म्हणाला की मॅसीचं इंजिन आता नव्यासारखं झालंय, आपण ट्रॅक्टर अदलाबदल करू या का. म्हणजे पैसे अगदीच वाया गेले नाहीत, फक्त ते फळाला त्याच्या रानात येणार असं दिसतं.

तात्या पंढरपूरहून परतले. त्यांना सगळी हकिगत सांगितली. बेअरिंग, हेड, रिंगा, रंग, आणि शेवटी पुली. त्यांनी प्रसादाचा बत्तासा माझ्या हातावर ठेवला.

"मी तर तुला सांगितलं होतं, ठोका धक्क्याबरोबर येत नाही म्हणून."

"तात्या, पुली आहे असं कुठे सांगितलं होतंत?"

"पुली म्हणजे काय ते मला काय माहीत?" तात्या म्हणाले. "बरं, आता फिरवून आण एकदा. ऐकू दे."

मी मॅसी ओट्यासमोरून नेली, वळवली, परत आणली. तात्या मांडीवर बोटं वाजवत होते. गाडी बंद केली तरी त्यांची बोटं थांबेनात.

"इंजिन बसलं जागेवर," ते म्हणाले. "पण ते मागचं खोकं, काय म्हणता त्याला, ते उघडून बघ एकदा. चौथ्या गिअरला झपताल येतोय."